जिभेचं वळण

(लघु माहितीपटाचं निवेदन. कालावधी सुमारे १७ मिनिटं.)

[दृश्य: चमचा, अगदी जवळून. मागे बाळाचा धूसर चेहरा.]

हा पालक. धुतलेला, वाफवलेला, गाळणीवर घोटून काढलेला. मीठ घातलेलं नाही, साखर नाही, लोणी नाही. चमच्यात जेमतेम अर्धा. समोरची पाहुणी सात महिन्यांची आहे आणि पालक नावाची गोष्ट तिच्या तोंडापर्यंत आज पहिल्यांदाच येते आहे.

चमचा ओठांना टेकतो. तोंड उघडतं ते सवयीनं. आता चेहरा बघा.

[चार सेकंद निवेदन नाही.]

भुवया जवळ आल्या. नाकावर घडी पडली. खालचा ओठ उलटा झाला आणि पालक गेला तसाच, लाळेसकट, लाळेऱ्यावर परत आला.

मागून आईचा आवाज येतो, "नाही आवडला हिला."

एका चमच्यावर निकाल लागला. असे निकाल फार टिकाऊ असतात. पुढे पंचवीस वर्षांनी सुद्धा घरचे सांगतात, "ती पालकाला हात लावत नाही, अगदी बाळ असल्यापासून."

आम्ही या घरात एक दिवसाआड येत राहिलो. एकूण आठ वेळा. तीच खुर्ची, तोच चमचा, तोच पालक. आईला एवढंच सांगितलं होतं की द्यायचा, आणि तिनं तोंड फिरवलं की थांबायचं. आग्रह नाही, गाणी नाहीत, मोबाइल नाही. पहिल्या दिवशी हे आईला पटलं नव्हतं. आजीला तर अजिबातच नाही.

[दृश्य: बाळाचा चेहरा, संथ गतीनं पुन्हा.]

या चेहऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो कुणी शिकवलेला नाही. १९७०च्या दशकात याकोब स्टाइनर या संशोधकानं जन्मून काही तासच झालेल्या बाळांच्या जिभेवर थेंब ठेवले आणि चेहऱ्यांची चित्रं टिपली. तोवर दुधाचा घोटही पोटात गेलेला नव्हता. गोड थेंबाला चेहरा सैल पडला, ओठ चोखायला लागले. आंबटाला ओठांचा चंबू झाला. कडू लागलं की तोंड वासलं, जीभ बाहेर. म्हणजे पाटी अगदी कोरी नसते. गोड म्हणजे ताकद, कडू म्हणजे कदाचित विष, एवढी दोन अक्षरं गिरवूनच आपण येतो. पालकात थोडा कडवटपणा आहे. बाळाचं नाक मुरडणं रास्तच आहे.

मात्र बाकीची बाराखडी शिकावी लागते. आणि शाळा आपल्याला वाटते त्याच्या बरीच आधी सुरू होते.

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा. गर्भाचा चेहरा, हलताना.]

हे चित्र नीट बघा. इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याच पद्धतीची चित्रं प्रसिद्ध केली. सुमारे १०० गर्भवती बायका, ३२वा आणि ३६वा आठवडा. काहींना गाजराच्या भुकटीची कॅप्सूल दिली, काहींना केल या कडवट पाल्याच्या भुकटीची. कॅप्सूल गिळायची असल्यानं आईच्या जिभेला चव लागायचा प्रश्न नव्हता. साधारण वीस मिनिटांनी पडद्यावर पोटातलं मूल पाहिलं. गाजराच्या वेळी ओठांचे कोपरे जास्त वेळा मागे ओढले गेले, हसल्यासारखे. केलच्या वेळी वरचा ओठ उचलला गेला, रडवेला चेहरा व्हावा तसा. गर्भ खरोखर हसला किंवा रडला असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण काहीतरी पोचलं, एवढं दिसतं.

पोचतं कसं? पोटातलं मूल भोवतीचं पाणी सतत गिळत असतं. आईनं जे खाल्लं त्याचा वास त्या पाण्यात उतरतो. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा मुळात वासाचा असतो. सर्दी झाली की जेवण मातीसारखं लागतं ते याच कारणानं.

[दृश्य: गाजराचा रस पेल्यात ओतला जातो. नारिंगी रंग पडदाभर.]

अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल केंद्र आहे. चव आणि वास यांवरच तिथं काम चालतं. ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी तिथं केलेला प्रयोग २००१ मध्ये छापून आला. प्रयोग इतका साधा आहे की ऐकल्यावर वाटतं, हा तर घरीही करता आला असता. काही बायकांनी गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, ३०० मिलीलीटर गाजराचा रस प्यायचा. दुसऱ्या गटानं तेवढाच रस बाळंतपणानंतर, बाळ अंगावर पीत असताना प्यायचा. तिसऱ्या गटानं दोन्ही वेळा नुसतं पाणी. नंतर थांबायचं. बाळं दाणापाणी खाऊ लागली की त्यांना एकदा पाण्यात कालवलेली पेज द्यायची आणि एकदा गाजराच्या रसात कालवलेली.

पोटात किंवा दुधातून ज्यांना गाजराची ओळख झाली होती, त्यांची तोंडं गाजराच्या पेजेला कमी वाकडी झाली. पाणीवाल्या गटाला ती पेज परकी वाटली. एवढाच फरक. पण म्हणजे बाळाचा पहिला घास हा खरं तर पहिला नसतोच. घरात जे शिजतं ते आईच्या ताटातून त्याच्यापर्यंत केव्हाच पोचलेलं असतं. संस्कृती वगैरे मोठा शब्द आपण वापरतो, ती अशी उतरते. वाटीवाटीनं.

याच मंडळींनी १९९१ मध्ये लसणावर काम केलं होतं. आईनं लसणाची कॅप्सूल घेतली की साधारण दोन तासांनी दुधाला वास यायचा. बाळं तोंड फिरवतील असा कुणाचाही अंदाज असता. ती जास्त वेळ पीत राहिली.

[दृश्य: तिसरी भेट. लाळेऱ्यावर हिरवे डाग, बोटं हिरवी.]

तिसरी भेट. आज पालक तोंडात कमी आणि बोटांवर जास्त आहे. तिनं चमचा धरला, उलटा केला, टेबलावर आपटला. मग तळहात चाटला. चेहरा वाकडा झाला. पुन्हा चाटला.

आजी कॅमेऱ्याच्या बाहेरून म्हणते, "खेळू देऊ नको गं, अन्नाशी."

आजीचं म्हणणं चुकीचं कसं म्हणणार? अन्नाला मान द्यायचा हे तिला तिच्या आजीनं शिकवलं. पण हे तळहात चाटणं, आपटणं, थुंकणं हा सगळा ओळख करून घेण्याचा प्रकार आहे. आपणही नव्या माणसाच्या हातचं लगेच खात नाही. आधी माणूस बघतो.

[दृश्य: जुन्या पद्धतीची ट्रे, लहान वाट्यांची रांग.]

१९२०च्या दशकात क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी हीच गोष्ट फार लांबवर नेली. अंगावरचं पिणं नुकतंच सुटलेल्या मुलांपुढे ट्रे ठेवायचा. जिन्नस एकूण ३४ निवडलेले, त्यातले काही प्रत्येक जेवणाला. परिचारिकांना सक्त ताकीद होती की चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. मुलानं वाटीकडे हात केला तरच घास भरायचा, आणि तो खाल्ला म्हणून शाबासकी द्यायची नाही, टाकला म्हणून ओरडायचं नाही. त्या परिचारिकांचं मला कौतुक वाटतं. मूल शेजारी बसलेलं असताना तोंडातून शब्द न काढणं ही तपश्चर्याच आहे.

१५ मुलांवर हे चाललं. प्रत्येकाची खाण्याची तऱ्हा निराळी, दिवसागणिक लहरी, आणि तरी सगळी मुलं धडधाकट वाढली. एका मुलाला मुडदूस होता. त्याच्या ट्रेवर कॉड माशाच्या तेलाचा पेलाही असायचा. बरं होईपर्यंत ते पोर आपणहून ते तेल प्यायलं, पुढे सोडून दिलं.

यातली मेख डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून ठेवली. त्या ३४ जिन्नसांत साखर नव्हती, कारखान्यातून आलेलं काही नव्हतं. ट्रेमध्ये काय ठेवायचं ते मोठ्यांनीच ठरवलं होतं. किती आणि कोणतं, एवढंच मुलांवर सोडलं.

[दृश्य: चौथी भेट, झटपट तुकडे. पाचवी भेट. कॅमेरा आता बाळाच्या बाजूला.]

पाचव्या भेटीत आमच्या छायाचित्रकारानं जागा बदलली. तोवर कॅमेरा आईच्या खांद्यामागून बाळाकडे बघत होता. आज तो बाळाशेजारून आईकडे बघतो आहे.

चमचा पुढे जातो. आईकडे लक्ष ठेवा. नाकाकडे.

[तीन सेकंद निवेदन नाही. दृश्य पुन्हा.]

दिसलं? चमचा बाळाकडे जाताना आईचं नाक आक्रसतं. दर वेळी. तिला स्वतःला याचा पत्ताच नव्हता. दृश्य दाखवल्यावर ती हसायला लागली, मग सांगितलं.

आठ-नऊ वर्षांची असताना एका रात्री तिनं पालक खाल्ला आणि पहाटे उलट्या सुरू झाल्या. ताप, तीन दिवस अंथरूण. साथ होती, घरात पालक सगळ्यांनीच खाल्ला होता, बाकी कुणाला काही झालं नाही. "मला कळतं ना, पालकाचा काही दोष नव्हता. पण पोटाला कोण सांगणार?" हे तिचे शब्द.

[दृश्य: प्रयोगशाळेतला पिंजरा, पाण्याची नळी, उंदीर.]

पोटाला कोण सांगणार, याचं उत्तर शोधणाऱ्या माणसाचं नाव जॉन गार्सिया. कॅलिफोर्नियात शेतमजुरी करणाऱ्या घरातला मुलगा. १९५५ मध्ये त्यानं सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजून त्याच वेळी किरणोत्साराचा मारा केला, तर पुढे ते गोड पाण्याला तोंड लावत नाहीत. आजार किरणांनी आणला, दोष पाण्याला लागला. १९६६ मध्ये आणखी एक गंमत पुढे आली. गोड पाणी पिताना दिवा चमकवला, आवाज केला आणि मग उंदरांना मळमळायला लावलं, तर दिव्याशी त्यांनी वैर धरलं नाही. चवीशी धरलं. विजेचा झटका दिला तर उलट, दिवा आणि आवाजाचा धसका घेतला. मळमळलं की शरीर थेट ताटाकडे बोट दाखवतं.

तेव्हाच्या पंडितांना हे पचलं नाही. त्यांच्या हिशेबानं दोन गोष्टींचा संबंध जुळायचा तर त्या काही सेकंदांत घडायला हव्यात, आणि पुन्हा पुन्हा घडायला हव्यात. इथं तर खाणं आणि मळमळ यांत तास उलटले तरी चालत होतं आणि एकदाच पुरत होतं. गार्सियाचे लेख नियतकालिकांनी परत पाठवले. नंतर अर्थातच सगळ्यांना आपापल्या आठवणीतली एक तरी अशी वाटी सापडली.

१९७८ मध्ये सिअॅटलच्या इलीन बर्नस्टीन यांनी कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना औषधाआधी वेगळ्याच चवीचं आइसक्रीम दिलं. औषधानं मळमळलं. मुलांना पुरतं ठाऊक होतं की उलट्या औषधामुळे झाल्या. तरीही पुढे ते आइसक्रीम नको म्हणू लागली. यातून एक उपयोगी युक्ती निघाली. जेवण आणि औषध यांच्यामध्ये तीव्र चवीची एक गोळी चघळायला दिली की नावड त्या गोळीला चिकटते, जेवण बचावतं.

[दृश्य: लाल मिरची, जवळून. मग जेवणारे चेहरे. घाम, डोळ्यात पाणी, हसू.]

याच्या उलट गोष्टही बघू. हे चेहरे बघा. नाक वाहतंय, डोळे भरलेत, कानाची पाळी लाल. आणि हात पुन्हा ताटाकडे.

मिरचीत चव अशी नसते, असतो भाजल्याचा भास. ४३ अंश सेल्सियसच्या आसपास जो संवेदक जागा होऊन मेंदूला "भाजलं" असं कळवतो, तोच मिरचीतल्या कॅप्सेसिननं जागा होतो. तो शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. मिरची मूळची अमेरिका खंडांतली. १४९२च्या आधी आशियात, आफ्रिकेत, युरोपात ती कुणी चाखली नव्हती. आज यातले कितीतरी लोक तिच्याशिवायच्या जेवणाला फिकं म्हणतात, आणि आपले पूर्वज अनादि काळापासून असंच खात आले अशी त्यांची खात्री असते.

पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी १९८०च्या सुमारास मेक्सिकोतल्या एका डोंगराळ गावात मुलं मिरची कशी शिकतात ते पाहिलं. कुणी शिकवत नव्हतं. बक्षीस नव्हतं, शिक्षा नव्हती. तान्ह्यांना मिरची देत नसत, पण मोठी भावंडं आणि आईबाप घामाघूम होत मजेत खातायत हे ती रोज बघायची. पाच-सहा वर्षांची झाली की आपणहून मागू लागायची.

त्याच गावातली डुकरं आणि कुत्री रोज तेच उष्टं खरकटं खात होती, तिखटासकट. वर्षानुवर्षं. त्यांच्यापुढे दोन बिस्किटं ठेवली, एक तिखट, एक साधं. त्यांनी साधं निवडलं. रोज पोटात जाणं तिथं पुरेसं पडलं नाही. शेजारी बसून कुणीतरी मिटक्या मारायला हवं होतं.

[दृश्य: दोन लहान बाटल्या. एकीवर "चीज", दुसरीवर "मोजे".]

ही घरातलीच गंमत. दोन्ही बाटल्यांत एकाच मुरलेल्या चीजचे तुकडे आहेत. आजोबांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि आधी पहिल्या बाटलीचं नाव सांगितलं. त्यांनी वास घेतला, मान डोलावली, "उत्तम." मग दुसऱ्या बाटलीचं नाव सांगितलं.

[दृश्य: आजोबा बाटली दूर लोटतात.]

रीतसर प्रयोगही झाले आहेत. रेचल हर्झ यांनी २००१ मध्ये एकच आम्लमिश्रण लोकांना हुंगायला दिलं, एकदा पार्मेझान चीज म्हणून आणि एकदा उलटी म्हणून. वास तोच असल्यावर बऱ्याच जणांचा विश्वास बसेना. चीजला आणि पायाच्या घामाला वास येतो तो बहुतांशी एकाच आम्लाचा. नाव बदललं की तोंडाला पाणी सुटतं किंवा पोटात ढवळतं. दुसऱ्याच्या डब्याचं झाकण उघडल्यावर जे नाक मुरडतं, ते वासाला मुरडतं की नावाला, हा प्रश्न त्यानंतर आमच्या चमूतल्या प्रत्येकानं स्वतःला विचारला. दोन वर्षांखालच्या मुलांना ही किळस ठाऊकच नसते. जमिनीवरचं हाताला लागेल ते ती तोंडात घालतात. किळस नंतर येते, मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून.

काही गोष्टींचं चित्रीकरण आमच्याकडे नाही, म्हणून दोन-चार वाक्यांत. आवडीतला काही भाग रक्तातला असतो. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स यांच्या प्रयोगशाळेत उडालेली एक भुकटी सहकाऱ्याला कडू लागली, त्यांना स्वतःला लागलीच नाही. तो फरक वारशानं येतो. आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कुर्ट लेविन यांनी गृहिणींना यकृत-काळजाच्या जातीचं मांस शिजवायला सुचवलं. व्याख्यान ऐकून गेलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते घरी केलं. आपसात बोलून, हात वर करून ठरवलेल्यांपैकी ३२ टक्के.

[दृश्य: सूपची दोन भांडी. लहान मुलांचे हात.]

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तिकडे येऊ. २००६ मध्ये अमेरिकेत शाळेच्या आधीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारची सुपं आठवडे न् आठवडे देण्यात आली. एक नुसतं समोर ठेवायचं. दुसरं ठेवल्यावर मोठ्या माणसानं अधूनमधून म्हणायचं, "सूप संपव हं." आवाज चढवायचा नाही, धाक नाही, अगदी प्रेमानं. "संपव हं" वालं सूप मुलांनी कमी खाल्लं आणि त्याबद्दल तक्रारी कितीतरी जास्त केल्या. प्रेमानं म्हटलेलं "संपव" सुद्धा शेवटी "संपव"च असतं.

सतत भरवून घेतलेल्या मुलांना पुढे भूक आणि पोट भरणं यांतला फरक ओळखायला जड जातं, एवढं सांगून पुढे जाऊ.

दुसरीकडे, २००७ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या ४९ घरांतला अनुभव प्रसिद्ध झाला. सात महिन्यांची बाळं. आईनं "ही भाजी याला अजिबात चालत नाही" म्हणून सोडून दिलेली भाजी एक दिवसाआड पुन्हा पुढे ठेवायची. आठ वेळा. आठव्या वेळेपर्यंत बहुतेक बाळं ती आवडत्या भाजीइतकीच खाऊ लागली. आम्ही आठ भेटी ठरवल्या त्या यावरूनच. बहुतेक घरांत दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भाजीचं नाव कायमचं कापलेलं असतं.

[दृश्य: सहावी भेट. बाळ तीन चमचे खातं.]

सहावी भेट. तीन चमचे. आजीनं मोजले.

[दृश्य: सातवी भेट. बाळ रडतं, बोटं हिरडीवर.]

सातवी भेट. शून्य. दात येतोय. चमचा बाजूला ठेवला गेला.

[दृश्य: आठवी भेट. खिडकीतून ऊन. आई आणि बाळ समोरासमोर, दोघींपुढे वाट्या.]

आठवी भेट. आज आईपुढेही वाटी आहे. आम्ही सांगितलं नव्हतं. तिच्या वाटीतला पालक मीठ घातलेला, वरून लिंबू पिळलेला. ती चमचा उचलते, थांबते, नाकाला आवरायचा प्रयत्न करते. फारसा जमत नाही. बाळ टक लावून तिच्या तोंडाकडे बघतंय.

[आठ सेकंद निवेदन नाही. आई घास घेते. बाळ तोंड उघडतं.]

पाच चमचे. सहावा जमिनीवर. मग तिनं तोंड फिरवलं.

वाटीत अर्धा पालक उरलाय. आजी तिकडे बघते, काहीतरी म्हणायला तोंड उघडते, आणि वाटी उचलून आत नेते.

[दृश्य: टेबलावर हिरव्या बोटांचे ठसे. काळोख.]